वयाचा आकडा, मनाचा रकाना

पुण्यात कोयता घेऊन फिरणारी पोरं पकडली आणि त्यांतला एखादा सतरा वर्षांचा निघाला, की दुसऱ्या दिवशीची चर्चा ठरलेली. एक बाजू म्हणते, वयोमर्यादा अठरावरून सोळावर आणा. कुणी जास्त तापलेला असेल तर चौदावर. दुसरी बाजूही पाठ करूनच आलेली असते: मुलं निरागस असतात, दोष समाजाचा, बालहक्कांचा करार वाचा. तासभर हे चालतं आणि मंडळी घरी जातात. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला, तेव्हापासून तर या वादाने महाराष्ट्रात कायमचा मुक्काम ठोकला आहे. माझ्या मते हा वाद भलत्याच जागी चालू आहे. वय किती असावं हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्या बालकायद्याची खरी खोट अशी की मुलाच्या डोक्यात काय चाललंय याची चौकशी तो गांभीर्याने एकदाच करतो. तीही गुन्हा घडून गेल्यावर, आणि तीही या मुलाला मोठ्यांसारखा खटला लावायचा का, एवढंच ठरवण्यासाठी. त्याला उपचार हवेत का, तो पुन्हा त्याच वाटेने जाईल का, यासाठी तीच चौकशी कुणी करत नाही. हे बदलणं राज्याच्या हातात आहे आणि त्यासाठी दिल्लीची वारी करावी लागत नाही.

वय कमी करा म्हणणाऱ्यांना मूर्ख किंवा निर्दयी ठरवून मोकळं होण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मला मान्य नाही. ज्यांची मुलगी किंवा मुलगा रस्त्यावर मेला, त्यांनी त्याच दिवशी ऐकलं की आरोपीला जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलाय. त्यांनी बालहक्कांचं तत्त्वज्ञान समजून घ्यावं, ही अपेक्षाच उद्धट आहे. सतरा वर्षं आठ महिने वयाच्या मुलाला दारू पिऊन भरधाव गाडी चालवणं धोक्याचं असतं हे कळत नाही, असंही कुणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. तिसरा मुद्दा सगळ्यांत जड आहे. टोळ्यांचे म्होरके अल्पवयीन पोरांना मुद्दाम पुढे करतात, कारण 'तुला काय होत नाय, सहा महिन्यांत बाहेर येशील' असं सांगून त्यांना कामाला लावता येतं. पोलीस ठाण्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, हे खोटं नाही.

पण या तिन्ही मुद्द्यांचा वयाच्या आकड्याशी संबंध किती? 'अठराच्या आतल्याला काहीच होत नाही' हे वाक्य जानेवारी २०१६ पासून चुकीचं आहे. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर संसदेने नवा बाल न्याय कायदा केला, त्याचं कलम १५ असं: सोळा ते अठरा वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याचं प्राथमिक मूल्यांकन करतं आणि त्याच्यावर मोठ्यांप्रमाणे खटला चालवायला पाठवू शकतं. निर्घृण म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा. किमान शिक्षाच सांगितलेली नसेल तर तो या गटात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पोर्शे प्रकरण घडलं तेव्हाच्या दंडसंहितेत सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नव्हती. तेव्हा जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोर्शे प्रकरणातल्या मुलाला प्रौढ मानायला नकार दिला, यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. मर्यादा सरसकट सोळावर असती तर तो मोठ्यांच्या कोर्टात गेला असता, हे खरं. पण लोकांचा संताप नेमका कशाने भडकला होता? रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, घरच्यांना अटक झाली, मंडळाच्या दोन सदस्यांना पुढे पदावरून जावं लागलं. आरोपी पंचवीस वर्षांचा असता तर रक्त बदलण्याचा प्रयत्न झाला नसता का? राग पैशाच्या माजावर होता, तो वयाच्या कलमावर काढला गेला. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, हे मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. टोळीने मुलाला वापरलं तर वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड, हे बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये आहे. म्होरक्याचा बंदोबस्त करायचा तर हत्यार समोरच पडलेलं आहे. ते उचलायचं सोडून पोरांचं वय खाली आणलं, तर म्होरका पंधरा वर्षांचा पोरगा शोधेल. चौदावर आणलं तर तेराचा.

शिवाय सोळाची मर्यादा आपण वापरून पाहिलेली आहे, हे या चर्चेत कुणालाच कसं आठवत नाही? १९४८ च्या मुंबई बालक कायद्यात मूल म्हणजे सोळा वर्षांखालचं. १९८६ च्या केंद्रीय कायद्यातही मुलग्यांना सोळा आणि मुलींना अठरा. मुलग्यांची मर्यादा अठरावर आली ती २००० च्या कायद्याने. म्हणजे साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत सतरा वर्षांचा मुंबईकर पोरगा सरळ मोठ्यांच्या कोर्टात जात होता. याच काळात मुंबईच्या टोळ्या फोफावल्या. त्यांना कोवळी पोरं मिळायची काही थांबली नाहीत. उलट मोठ्यांच्या तुरुंगात गेलेला पोरगा बाहेर येताना कोण होऊन यायचा, हे त्या काळच्या कुठल्याही निवृत्त जेलरला ठाऊक आहे. देशभरच्या तुरुंगांत मुलं कोंडलेली आहेत हे मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडलं, तेव्हा कुठे १९८६ मध्ये देशाला एकसारखा कायदा मिळाला.

परदेशातलं उदाहरण हवंच असेल तर अमेरिकेचं घ्या. मुलांवर मोठ्यांसारखे खटले चालवण्याची लाट तिथे आपल्या कितीतरी आधी आली. न्यूयॉर्कने १९७८ मध्ये तेरा वर्षांच्या मुलालाही खुनासाठी मोठ्यांच्या कोर्टात नेण्याची सोय केली. पुढे २००७ मध्ये तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञ गटाने सगळा पुरावा तपासला. निष्कर्ष निघाला की मोठ्यांच्या व्यवस्थेत पाठवलेली मुलं बाहेर आल्यावर जास्त हिंसक गुन्हे करतात. २०१७ मध्ये त्याच न्यूयॉर्कने वयोमर्यादा वाढवणारा कायदा केला. चाळीस वर्षांचा वळसा घालून ते जिथे पोचले, तिथून आपण निघायचं म्हणतोय.

आणखी एका गोष्टीकडे वय घटवा म्हणणाऱ्यांचं लक्ष वेधायला हवं. निर्घृण गुन्ह्यांच्या यादीत फक्त खून आणि टोळीने केलेले अत्याचार नाहीत. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात संमतीचं वय अठरा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक संबंधाच्या कलमाला किमान शिक्षा दहा वर्षं आहे. म्हणजे तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजातला सतरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी पळून गेले, आठवड्याने मुलीच्या काकांनी त्यांना एसटी स्टँडवर धरलं, की मुलगा कायद्याच्या हिशोबात निर्घृण गुन्हेगार होतो. जात वेगळी असेल तर तक्रार होतेच होते. आज त्याच्या बाबतीत निदान मंडळ मूल्यांकन करतं, थांबून विचार करतं. वयाची रेघ सरसकट खाली ओढली की तो थांबाही गेला. कोयत्यासाठी टाकलेल्या जाळ्यात हीच पोरं सापडतील, कारण ती पळतात कमी आणि कबूल लवकर होतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कलम १५ मंडळाला तीन गोष्टी तपासायला सांगतं: गुन्हा करण्याची मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला ते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. या तिघांनी तीन महिन्यांत ठरवायचं की सतरा वर्षांच्या मुलाचं मन त्या रात्री किती प्रौढ होतं. कायद्यात लिहिलं होतं की मंडळ मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊ 'शकेल'. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की मंडळावर बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकार यांतली पदवी असलेला सदस्य नसेल, तर ही मदत घेणं बंधनकारक आहे. म्हणजे साडेसहा वर्षं हा देश मुलांची मनं ऐच्छिक विषय म्हणून तपासत होता.

बरं, मदत घ्यायची कुणाची? बहुतेक जिल्ह्यांत जो हाताशी असेल त्याची. आणि इथे एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल चर्चेच्या कुठल्याच बाजूला फारसं बोलायचं नसतं. निरीक्षणगृहात (लोकांच्या भाषेत अजूनही रिमांड होमच) मुलगा येतो, पहिले काही दिवस तोंड उघडत नाही. मग एखाद्या दुपारी कॅरम खेळता खेळता समुपदेशकाशी बोलायला लागतो. बाप पिऊन आईला मारतो, आपण पंक्चरचं सोल्युशन हुंगतो, त्या रात्री डोक्यात काय होतं. समुपदेशक ऐकतो, कारण ते त्याचं काम आहे. महिन्याभराने त्याच समुपदेशकाच्या टेबलावर पत्र येतं की सदर बालकाच्या प्राथमिक मूल्यांकनाबाबत आपला अहवाल सादर करावा. आता त्या दुपारच्या गप्पांचं काय करायचं? लिहिलं तर विश्वासघात, नाही लिहिलं तर कामचुकारपणा. आणि निरीक्षणगृहातल्या बाकीच्या मुलांना हे दोन दिवसांत कळतं. त्यानंतर कॅरम मुकाट्याने खेळला जातो. ज्याच्याकडे मन मोकळं करायचं तोच आपल्याविरुद्ध कागद करणार असेल, तर तुम्ही-आम्ही तरी बोलू का?

परिविक्षा अधिकाऱ्याने (मुलाच्या घरची माहिती काढून मंडळाला कळवणारा अधिकारी) भरायच्या सामाजिक तपासणी अहवालात मुलाच्या मानसिक स्थितीसाठी एक रकाना असतो. एका जिल्ह्यातले असे काही जुने अहवाल एकदा पाहण्यात आले होते, नावं झाकलेले. त्या रकान्यात जवळपास सगळीकडे एकच शब्द होता, 'ठीक'. एका अहवालात 'ठीक' खोडून 'चांगली' केलेलं. त्याच मुलाच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर ओळखीच्या खुणांमध्ये लिहिलं होतं: डाव्या मनगटावर ब्लेडचे जुने आडवे व्रण. दोन्ही कागद एकाच फायलीत, एकामागे एक टाचलेले. यात मी त्या अधिकाऱ्याला दोष देणार नाही. त्याच्याकडे एकाच वेळी डझनावारी मुलं असतात, गृहभेटीसाठी तालुक्याला जायचं तर गाडी नसते आणि मनगटावरचे व्रण दिसले तर पुढे काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सांगणार तरी कोण? निरीक्षणगृह महिला व बाल विकास विभागाचं, मनोरुग्णालय आरोग्य विभागाचं. बाल न्याय कायद्याचं कलम ९३ मानसिक आजारी किंवा व्यसनी मुलाला उपचारासाठी हलवण्याबद्दल आहे आणि ते १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा हवाला देतं. तो कायदा २०१७ च्या नव्या कायद्याने रद्द झाला. वकील म्हणतील, जुन्या कायद्याचा उल्लेख असला तरी तिथे नवाच वाचायचा असतो. वाचा ना! नवा कायदा म्हणतो, अल्पवयीनाला दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं, ७२ तासांत मानसिक आरोग्य आढावा मंडळाला कळवावं, मोठ्यांपासून वेगळं ठेवावं, तीस दिवसांहून जास्त ठेवायचं तर पुन्हा आढावा घ्यावा आणि मुलाचा प्रतिनिधी सतत सोबत असावा. कलम ९३ मात्र हलवण्याचा आदेश आणि जुन्या कायद्याचा हवाला, एवढ्यावरच थांबतं. आईबाप नसलेल्या किंवा आईबापांनीच टाकलेल्या मुलाचा प्रतिनिधी कोण? योग्य माणूस मिळाला नाही तर नवा कायदा समाजकल्याण संचालकांकडे बोट दाखवतो. महाराष्ट्रात समाजकल्याण हा तिसराच विभाग. महिला व बाल विकासाचं आयुक्तालय पुण्यात, समाजकल्याणचंही पुण्यात. त्यांच्यामधलं अंतर फाईल किती दिवसांत कापते, हे सरकारी नोकरी केलेला वाचकच सांगू शकेल. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला तिथवर पोलीस व्हॅनमधून न्यायचं, म्हणजे उपचाराआधीच त्याला वेडा आणि गुन्हेगार असे दोन्ही शिक्के मारायचे.

या सगळ्यात जास्त खटकतं ते हे की महाराष्ट्राला हे काही नवं नव्हतं. मुलांना तुरुंगाऐवजी सुधारगृहात ठेवण्याचा प्रयोग मुंबईत सॅसून यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झाला. तेव्हा तो हेतू शिस्त आणि कामधंदा शिकवण्यापुरताच होता, हे मान्य. मद्रास आणि बंगालपाठोपाठ मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालक कायदा केला आणि १९२७ मध्ये तो राबवण्यासाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. डोंगरीचं रिमांड होम तिचंच. आणि १९३७ मध्ये, टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेत, देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. मुलाच्या वागण्यामागे त्याचं मन असतं आणि ते समजून घ्यायला मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि समाजसेवक एकत्र बसायला हवेत, ही कल्पना मुंबईत स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी आली होती. मग २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला 'शकेल' म्हणजे 'लागेल' असं का समजावून सांगावं लागलं?

करायचं काय, ते अवघड नाही. राज्याने आपल्या २०१८ च्या बाल न्याय नियमांत दुरुस्ती करावी. निरीक्षणगृहात किंवा बालगृहात येणाऱ्या प्रत्येक मुलाची, त्याच्यावर आरोप असो वा नसो, पहिल्या आठवड्यात मानसिक आरोग्याची तपासणी व्हावी आणि ती कलम १५ च्या मूल्यांकनापासून पूर्ण तोडलेली असावी. जो उपचार करतो त्याने कोर्टासाठी अहवाल लिहू नये. मुलाने त्याला सांगितलेलं त्याच्याविरुद्ध वापरता येऊ नये. मूल्यांकन करणारा वेगळा असावा, बाहेरचा असावा, शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागातला. आणि हलवण्याची वेळ आली तर २०१७ च्या कायद्याची पद्धत लागू होते, प्रतिनिधी अमुक अधिकारी, असं नियमात स्पष्ट लिहावं.

यावर पहिला आक्षेप येईल तज्ज्ञांचा, आणि तो खरा आहे. देशात लाखामागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ आहे असा आकडा नेहमी सांगितला जातो. लहान मुलांचे त्याहून कितीतरी कमी. पण पहिल्या आठवड्याच्या तपासणीला मनोविकारतज्ज्ञ लागतच नाही. प्रशिक्षित समाजसेवक किंवा मानसशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी व्रण पाहू शकतो, झोप-भूक विचारू शकतो, नशेची लक्षणं ओळखू शकतो. तज्ज्ञ लागतो तो त्यांतल्या थोड्यांना. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे. निरीक्षणगृहातून तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलण्याची सोय करायला वेगळी इमारत बांधावी लागत नाही. कलम १५ मध्ये खरोखर जाणारी मुलंही मोजकीच असतात. २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीन आरोपींविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले, आदल्या वर्षीपेक्षा थोडे कमीच, आणि त्यांतले बरेचसे चोरी-मारामारीचे. चॅनेल पाहून वाटतं तसा हा महापूर नाही.

दुसरा आक्षेप असा की 'मानसिक आजार' ही पळवाट होईल. पैसेवाल्याचा पोरगा महागडा मानसशास्त्रज्ञ आणून सुटेल. हा धोका आज आहेच, आणि तो आहे म्हणूनच मूल्यांकन करणारा सरकारी यंत्रणेतून नेमलेला आणि उपचार करणाऱ्यापासून वेगळा हवा. पोर्शेच्या वेळी सगळे तीनशे शब्दांच्या निबंधाला हसले, पण त्याच आदेशात समुपदेशनाची आणि व्यसनमुक्तीचीही अट होती. ती कोण पाहणार, किती दिवस, कुणाला कळवणार, हे कुणी विचारलं नाही. गरीब पोराच्या आदेशात अशी अट आली तर ती फायलीतच राहते, कारण त्याला घेऊन जायला कुणी नसतं. नियम नसला की पैसेवाल्याला डॉक्टर मिळतो आणि बाकीच्यांना 'ठीक'.

बालहक्कवाल्या मित्रांनाही एक टोला द्यायला हवा. 'समुपदेशन' हा शब्द त्यांनी इतका वापरलाय की तो आता कुठल्याही शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात चिकटवता येतो. आणि ज्या मुलांवर अत्याचार झाला त्यांच्या मनाचं काय, हे या वादात दोन्हीकडून सुटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या दोन मुलींच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं गेलं, लोक रुळांवर उतरले, मग शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे लावण्याचे आदेश निघाले. कॅमेरे हवेतच. पण पोक्सोच्या २०२० च्या नियमांत पीडित मुलाला तपासापासून खटल्यापर्यंत सोबत करणारी साहाय्यक व्यक्ती देण्याची तरतूद आहे, ती किती तालुक्यांत माहीत आहे? तपासणीचा जो नियम मी आरोपी मुलासाठी मागतोय, तो या मुलींसाठी आधी हवा.

महाराष्ट्राने मध्यंतरी एक मोठा कायदाही करून पाहिला. डिसेंबर २०२१ मध्ये महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक विधानसभेत एकमताने मंजूर झालं, फाशीची तरतूद होती, बाकं वाजली. केंद्रीय कायद्यांना हात घालणारं विधेयक असल्यामुळे राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती काही मिळाली नाही. नियमांना ती लागत नाही. कलम ११० खाली राज्य शासनाने अधिसूचना काढायची, राजपत्रात छापायची आणि नंतर विधिमंडळापुढे ठेवायची. त्यावर बाकं वाजणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि ती अजून निघालेली नाही याचं एक कारण तेच असावं, असा माझा संशय आहे.